महाबळेश्वरला ‘अतितीव्र दुष्काळ’: पायथनमधून आर बोलावताना चुकलेला एक आकडा

पार्श्वभूमी

साताऱ्यात आम्ही चौघे जण पावसाच्या जुन्या-नव्या नोंदी गोळा करून त्यांचे मासिक तक्ते तयार करतो. माण आणि खटाव तालुक्यांतल्या ज्या गावांनी पाणलोटाची कामं केली आहेत, तिथले कार्यकर्ते हे तक्ते वापरतात. पिकांचं नियोजन, टँकरची मागणी, विहिरींवरची बंधनं अशा चर्चांमध्ये हा कागद पुढे ठेवला जातो. त्यामुळे त्यावरचा आकडा चुकला तर तो आमच्यापुरता राहत नाही.

आपल्या जिल्ह्यातला पाऊस एका मापाने मोजताच येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि पर्जन्यछायेतल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. नुसते मिलिमीटर शेजारी मांडून यंदा कुठे ओढ बसली हे कळत नाही. यासाठी आम्ही प्रमाणित पर्जन्यमान निर्देशांक, म्हणजे एसपीआय, काढतो. मॅकी, डोएस्केन आणि क्लाइस्ट या कोलोरॅडोतल्या संशोधकांनी तो १९९३ साली मांडला. जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली आणि आपल्याकडे केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेतही तो आहे.

रीत अशी. एका केंद्राच्या एका महिन्याचा अनेक वर्षांचा पाऊस घ्यायचा आणि त्याला गॅमा वितरण, म्हणजे किती पाऊस किती वेळा पडतो हे दाखवणारा एक गणिती वक्र, बसवायचं. यंदाच्या इतका किंवा त्याहून कमी पाऊस पडण्याची संभाव्यता त्यावरून काढायची आणि तिचं प्रसामान्य वितरणाच्या, म्हणजे मधोमध शून्य असलेल्या घंटेसारख्या वक्राच्या, मापात रूपांतर करायचं. शून्याच्या आसपास आकडा आला तर पाऊस नेहमीसारखा. उणे एकच्या खाली मध्यम, उणे दीडच्या खाली तीव्र आणि उणे दोनच्या खाली अतितीव्र दुष्काळ.

हा हिशेब मुळात आमच्या सरांनी आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला होता. सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. नंतर नोंदी वाचणं, साफ करणं आणि तक्ते छापणं हे सगळं पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत गेलं. आमच्यातली सगळ्यात धाकटी, माणमधलीच मुलगी, ते काम बघते. सरांचं संख्याशास्त्र आरमध्येच ठेवायचं आणि आरपायटू या पुलावरून पायथनमधून त्याला हाक मारायची, असं ठरलं. तो पूल बसवतानाच आम्ही मेटाकुटीला आलो. आरची आवृत्ती, पायथनची आवृत्ती, कुठली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये, यात आठवडा गेला. पहिल्यांदा आकडा बाहेर पडला तेव्हा एवढं हायसं वाटलं, की आकडा आला म्हणजे बरोबरच आला असं आम्ही मनातल्या मनात धरून चाललो. पुढच्या घोळाचं मूळ माझ्या मते त्या हायसं वाटण्यात आहे.

अडचण कशी समोर आली

जूनचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर गेला आणि दुसऱ्या दिवशी माणमधल्या एका गावातून आबांचा फोन आला. आबा पंधरा-वीस वर्षं स्वतःच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी वहीत नोंद करणारे. म्हणाले, “काय हो साहेब, महाबळेश्वरला दुष्काळ आन् आमच्याकडं सुकाळ? कागद उलटा तर न्हाई छापला?”

मी तक्ता उघडला. महाबळेश्वरच्या डोंगररांगेतल्या एका केंद्रासमोर उणे ३.६५ होतं, अतितीव्र दुष्काळाच्याही पलीकडचं. त्या केंद्रावर जूनमध्ये पाऊस जवळपास सरासरीइतका झाला होता. आबांच्या बाजूच्या केंद्रासमोर अधिक ०.४८ होतं, म्हणजे नेहमीपेक्षा थोडा जास्त. आबा म्हणत होते, सरासरीच्या पाव हिस्साही पडला नाही, पेरण्या खोळंबल्यात.

खेदाची गोष्ट अशी की तक्ता पाठवण्यापूर्वी आमच्यापैकी तिघांनी तो पाहिला होता.

पहिले दोन दिवस: नोंदींवर संशय

आम्ही पहिला संशय घेतला तो नोंदींवर. हा पहिला निर्णय, आणि तो चुकीचा होता. मोजमाप करणाऱ्याने चुकीचं लिहिलं असेल, दशांश चिन्ह सरकलं असेल, एका केंद्राचा पाऊस दुसऱ्याच्या नावावर पडला असेल, असं म्हणत आम्ही दोन दिवस रजिस्टरं आणि फाइली ताडून बघितल्या.

दुर्दैवाने तिथे एक खरी चूक सापडलीही. पूर्वेकडच्या एका केंद्राची एका वर्षीची जूनची नोंदच नव्हती. पूर्ण महिना रिकामा. पांडाज या पायथनमधल्या तक्ते हाताळणाऱ्या साधनाला रिकाम्या रकान्यांची बेरीज करायला सांगितली, तर ०.२२ या आवृत्तीपासून तो उत्तर शून्य देतो. आरमध्ये तशीच बेरीज केली, तर उत्तर ‘उपलब्ध नाही’ असंच येतं, तुम्ही स्वतः रिकामे रकाने वगळायला सांगेपर्यंत. म्हणजे नोंद नसलेला महिना पुलाच्या या बाजूलाच कोरडा ठणठणीत महिना झाला होता, आणि पलीकडच्या आरला तो खराच शून्य पावसाचा वाटला. गॅमा वितरणात शून्य बसत नाही. त्यामुळे शून्याच्या महिन्यांची संभाव्यता वेगळी धरून जोडावी लागते, आणि एक खोटा शून्य आला की ती जोडही बिघडते.

आम्हाला वाटलं, चोर सापडला. किमान एक नोंद असेल तरच बेरीज कर, नाहीतर रकाना रिकामा ठेव, अशी अट घातली आणि तक्ता पुन्हा काढला. त्या एका केंद्राचा आकडा थोडा हलला. महाबळेश्वरचा उणे ३.६५ जागचा हलला नाही.

दुसरं मत, आणि त्याने केलेली दिशाभूल

मग ठरलं की आरला बाजूला ठेवून तोच हिशेब सायपाय या पायथनच्या गणिती साधनात करून बघायचा. दोन्हीकडे वेगळं उत्तर आलं तर पुलात खोट आहे असं समजायचं. विचार बरोबर होता. उत्तर आलं उणे २.४४.

हा क्षण मला अजून आठवतो. संध्याकाळ झाली होती, तिघेही थकलो होतो. आकडे वेगळे होते, पण दोन्ही ‘अतितीव्र दुष्काळ’च म्हणत होते. मी म्हणालो, “दोन वेगळी साधनं एकाच दिशेला बोट दाखवतायत, म्हणजे हिशेब बरोबर असेल. तिथे पाऊस दरवर्षी इतका ठरावीक पडतो, की थोडी घटसुद्धा मोठी दिसत असेल.” ऐकायला हे पटण्यासारखं होतं. त्याच वेळी मी तक्त्याखाली तशी टीप टाकायला निघालो होतो. टीप टाकली असती, तर चुकीच्या आकड्याला आमच्याच शब्दांत आधार मिळाला असता.

सरांनी थांबवलं. ते फोनवर एवढंच म्हणाले, “सरासरीइतका पाऊस पडला तर आकडा शून्याच्या जवळ यायलाच हवा. येत नसेल तर बाकी काही बोलू नका. आधी कागद घ्या.”

कागदावरचा हिशेब

गॅमा वितरणाला दोन पॅरामीटर, म्हणजे ते ठरवणारे दोन आकडे, असतात. एक शेप, म्हणजे वक्राचा आकार, आणि दुसरा स्केल, म्हणजे त्याचा पसारा. पण दुसऱ्याच्या जागी काही लोक रेट वापरतात, जो स्केलचा व्यस्त असतो. स्केल पाव असेल तर रेट चार. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

शेप पूर्णांक असेल तर संभाव्यता हाताने काढता येते. आम्ही प्रत्येक केंद्राचा पाऊस त्याच्या सरासरीने भागून घेत असू, म्हणून सरासरी नेहमी १. त्यामुळे स्केल म्हणजे एक भागिले शेप. त्या केंद्राचा शेप ४ च्या जवळ होता, हिशेबाला सोपं म्हणून सरळ ४ धरला. स्केल ०.२५. पाऊस सरासरीइतका, म्हणजे १. तो स्केलने भागला की ४.

सरांनी फोनवर सांगितलं आणि आमच्यातल्या धाकटीने वहीत मांडलं. ई चा उणे चार घात ०.०१८३. कंसात १ अधिक ४ अधिक ८ अधिक १०.६७, म्हणजे २३.६७. गुणाकार ०.४३३५. एकातून वजा करून ०.५६६५. प्रसामान्य वितरणाच्या छापील तक्त्यात बघितलं तर निर्देशांक अधिक ०.१७. म्हणजे नेहमीसारखा पाऊस. आमच्या प्रोग्रामचं उत्तर उणे ३.६५ होतं, वहीतलं अधिक ०.१७.

मग तिने स्वतःहून एक गोष्ट केली, आणि प्रश्न सुटला तो तिथे. पाऊस ०.२५ ने भागण्याऐवजी तिने ०.२५ ने गुणला. ई चा उणे पाव घात ०.७७८८, कंसातली बेरीज १.२८३९, गुणाकार ०.९९९८७, उरले ०.०००१३. निर्देशांक उणे ३.६५. प्रोग्रामचा आकडा जसाच्या तसा वहीत उतरला. “सर, आर माझं स्केल रेट म्हणून वाचतंय,” ती म्हणाली.

तसंच होतं. आरच्या पीगॅमा या फंक्शनमध्ये क्रमाने पहिली किंमत पावसाची, दुसरी शेपची आणि तिसरी रेटची. स्केल चौथा. स्केल द्यायचा असेल तर त्याचं नाव घेऊनच द्यावा लागतो. सरांच्या मूळ आर प्रोग्राममध्ये ‘स्केल’ हे नाव लिहिलेलं होतं. पायथनमधून हाक मारताना नावं गळाली आणि नुसत्या तीन किमती क्रमाने गेल्या. त्या किमती सायपायच्या फिट फंक्शनने काढलेल्या होत्या. ते शेप, स्थान (वितरण कुठून सुरू होतं तो आकडा) आणि स्केल अशा तीन किमती देतं. स्थान आम्ही शून्याला बांधून ठेवलं होतं म्हणून ते टाकून दिलं, आणि उरलेली जोडी आरकडे रवाना केली. पुलाने काही बिघडवलं नाही. दिलं ते त्याने प्रामाणिकपणे पलीकडे पोचवलं.

आणि सायपायचं ‘दुसरं मत’? तेही असंच. सायपायच्या गॅमा फंक्शनमध्ये तिसरी जागा स्थानाची आहे, स्केलची चौथी. आम्ही तिथेही नाव न घेता किंमत दिली. त्यामुळे ०.२५ ही वितरणाची सुरुवात समजली गेली आणि स्केल आपोआप १ धरला गेला. तोही हिशेब वहीत केला: पाऊस ०.७५, शेप ४, संभाव्यता ०.००७३, निर्देशांक उणे २.४४. एकच चूक दोन साधनांमध्ये दोन वेगवेगळे अर्थ घेऊन बसली होती. योगायोगाने दोन्ही अर्थ दुष्काळाकडेच झुकले, आणि आम्ही त्याला पुरावा समजलो.

आबांच्या गावाचा आकडा

महाबळेश्वरचा आकडा डोळ्यात भरला म्हणून सगळे त्याच्याबद्दल बोलले. मला मात्र आबांचा आकडा जास्त लागला.

शेप १ असेल तर स्केलही १ आणि रेटही १. अदलाबदल झाली तरी उत्तर तेच. पूर्वेकडच्या बऱ्याच केंद्रांवर जूनचा पाऊस इतका लहरी की शेप एकच्या आसपास येतो. म्हणून तिथले आकडे जवळपास बरोबर दिसत होते, आणि तक्ता पाहताना आमची नजर तिथून निवांत पुढे सरकली. पण शेप एकच्या खाली गेला की चूक उलट्या दिशेने काम करते. शेप ०.५, सरासरीच्या पाव पाऊस. बरोबर हिशेबाने संभाव्यता ०.३८२९ आणि निर्देशांक उणे ०.३०. चुकीच्या हिशेबाने ०.६८२७ आणि अधिक ०.४८. म्हणजे पावसाने ओढ दिलेल्या गावाला आमचा कागद सांगत होता की तुमच्याकडे नेहमीपेक्षा बरं आहे.

महाबळेश्वरच्या आकड्यावर कोणीही विश्वास ठेवला नसता. अधिक ०.४८ वर मात्र कोणीही सहज ठेवला असता. टँकरच्या बैठकीत तो कागद कोणी पुढे केला असता, तर त्या गावाकडे उत्तर काय होतं? आबांची वही, एवढंच.

आणखी एक. पाऊस सरासरीने न भागता मिलिमीटरमध्येच ठेवला असता तर ही चूक पहिल्याच दिवशी ओरडली असती. शेप २, स्केल ५०, पाऊस १०० मिलिमीटर. ५० हा रेट समजला गेला की संभाव्यता सरळ १ आणि निर्देशांक अनंत. अख्खा तक्ता अनंतांनी भरला असता आणि कोणी तो पाठवला नसता. आकडे एकच्या जवळ आणल्यामुळे चूकही सभ्य दिसायला लागली.

आधीची चाचणी का फसली

चाचणी केली नव्हती असं नाही. पूल बसवला त्या दिवशी शेप २, स्केल १, पाऊस १ असा नमुना दोन्ही भाषांना दिला होता. दोन्हींनी ०.२६४२ सांगितलं आणि आम्ही टाळी दिली. पण स्केल १ घेतला तर स्केल आणि रेट यांत फरकच उरत नाही. सोपा म्हणून निवडलेला नमुना नेमका तो होता, जिथे ही चूक दिसणं अशक्य होतं.

कोणते पर्याय होते

सगळं पायथनमध्ये नव्याने लिहावं, ही तिची पहिली सूचना. पूल नको, घोळ नको. पण सायपायमध्येही आम्ही तीच चूक करून दाखवली होती. भाषा बदलून सवय बदलत नाही. शिवाय सरांचा आरमधला हिशेब त्यांनी वर्षानुवर्षं तपासलेला होता, आणि ते पायथन वाचत नाहीत. पुढच्या वेळी त्यांना चूक दिसलीच नसती.

दुसरा पर्याय माझा. पूल काढून टाकायचा, पायथनने फाइल लिहायची, आरने ती वाचून पूर्ण हिशेब करायचा आणि उत्तराची फाइल परत द्यायची. फाइलीत प्रत्येक रकान्याला नाव असतं, त्यामुळे क्रमाचा घोळ होत नाही. हा पर्याय मला आजही वाईट वाटत नाही. पण दर महिन्याला बरीच केंद्रं असतात, मधल्या फाइली जमत जातात, आणि कुठली जुनी कुठली नवी याचा वेगळा गोंधळ सुरू होतो.

तिसरा, पूल ठेवायचा पण त्यावरून जाण्याची वाट एकच करायची. आम्ही हा घेतला. सरांचं मत निर्णायक ठरलं: “संख्याशास्त्र मी वाचू शकतो अशा भाषेत राहू दे. बाकी तुम्ही सांभाळा.”

काय केलं

गॅमाचं फंक्शन आता प्रोग्राममध्ये एकाच ठिकाणी बोलावलं जातं. त्याभोवती तिने पायथनचं एक छोटं फंक्शन गुंडाळलं आहे, ज्यात शेप आणि स्केल नाव घेऊनच द्यावे लागतात. पायथनमध्ये पॅरामीटरच्या यादीत एक तारा टाकला की त्यापुढच्या किमती नावाशिवाय देताच येत नाहीत, प्रोग्राम तिथेच थांबतो. आरकडे जातानाही स्केल हे नाव सोबत जातं.

वितरण बसवण्याचं कामही आम्ही आरकडेच दिलं. आधी पॅरामीटर पायथन काढायचा आणि वापरायचा आर. दोन घरांत स्वयंपाक होत होता. आता पुलावरून पाऊस जातो आणि निर्देशांक परत येतो, अधलंमधलं काही नाही.

चाचण्या बदलल्या. वहीतली ती गणितं, शेप ४ ची आणि शेप ०.५ ची, जशीच्या तशी प्रोग्रामच्या चाचणीत घातली. ०.५६६५ आणि ०.३८२९ आले नाहीत तर तक्ता निघतच नाही. शिवाय प्रत्येक केंद्राला त्याची स्वतःची सरासरी देऊन बघतो. उत्तर शून्यापासून फार लांब गेलं तर त्या केंद्राचं नाव लाल होऊन समोर येतं.

गावांना कळवणं

यावर आमच्यात खरा वाद झाला. एकाचं म्हणणं होतं की सुधारलेला तक्ता शांतपणे पाठवावा, जुना आपोआप मागे पडेल. चूक जाहीर केली तर पुढच्या कागदावर कोण विश्वास ठेवील, अशी त्याची भीती होती आणि ती अगदीच चुकीची म्हणता येत नाही. पण जुना कागद काही ग्रामपंचायतींच्या फलकावर चिकटवला गेला होता. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मागे पडतो, फलकावरचा पडत नाही.

शेवटी सुधारलेल्या तक्त्यासोबत चार ओळी लिहिल्या: जूनच्या आकड्यांत आमची चूक झाली, कोणत्या केंद्रांचा आकडा किती बदलला, जुना कागद काढून टाका. ज्या गावांचा आकडा अधिकवरून उणेवर आला होता त्यांना मी स्वतः फोन केले. एका ठिकाणी पाणीपुरवठ्याचा अर्ज तयार होत होता आणि त्याला जुना कागद जोडलेला होता. तो बदलता आला.

पुन्हा करायची वेळ आली तर

फोन आल्यावर आधी नोंदींकडे धावणार नाही. रजिस्टर ताडण्यापूर्वी एक केंद्र, एक महिना घेऊन कागदावर हिशेब करीन. दोन दिवस गेले, त्यातला अर्धा तास वहीला दिला असता तर पुरलं असतं. रिकाम्या महिन्याची चूक तेव्हा सापडली नसती हे खरं, पण ती शोधायची जागा वेगळी आहे.

दोन साधनांची उत्तरं ताडताना ती सारखी आहेत का एवढंच बघेन. एकाच दिशेला आहेत यावर समाधान मानणार नाही. उणे ३.६५ आणि उणे २.४४ ही सहमती नव्हती.

सरांना पहिल्याच दिवशी बोलावलं असतं. त्यांचं गणित आम्ही उचललं आणि त्यातलं एक नाव गाळलं. त्यांनी तो पायथनचा कागद नुसता नजरेखालून घातला असता, तरी तिसऱ्या जागेवर बोट ठेवलं असतं. पायथन त्यांना येत नाही म्हणून आम्ही दाखवलाच नाही.

आणि आबांची वही. आता दर महिन्याला तक्ता पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना फोन जातो. ते त्यांचे मिलिमीटर वाचून दाखवतात, आम्ही आमचा आकडा सांगतो. जुलैला ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हां, आता जुळतंय. पाठवा.”